सारखीच चुकलेली उत्तरं

१

निकाल लागायचा त्या सकाळी निकाल लागलाच नाही. निवड समितीच्या कार्यालयाबाहेर पालक ताटकळत उभे होते आणि आत क्लासवाले सर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून एकच वाक्य घोळवत होते, "कॉपी आहे. उघडउघड कॉपी आहे."

मला समितीच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं होतं. विमा कंपनीत मी दाव्यांची चौकशी करायचे. स्वतःच्या दुकानाला स्वतः काडी लावून भरपाई मागायला येणारे महाभाग पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, तरी कुठे काही काळंबेरं दिसलं की लोक माझंच दार वाजवतात. घरचे म्हणतात, हिचा कुणावर विश्वास म्हणून बसत नाही. खरं आहे ते. त्याचाच तर मला पगार मिळायचा.

परीक्षा सातवीच्या मुलांची होती. तिच्यात निवड झाली की आठवीपासून बारावीपर्यंत चांगल्या शाळेत शिक्षण फुकट, राहण्याजेवणासकट. आणि यंदा यादीत सगळ्यात वर कोण होतं? जुन्या पोस्टातल्या मोफत शिकवणीची मुलं. घरची मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तरच तिथे प्रवेश मिळतो. म्हणजे ज्यांना क्लासची फी परवडत नाही, नेमकी तीच मुलं.

"सर, मार्क चांगले पडणं हा गुन्हा आहे का?" मी विचारलं.

सरांचे स्वतःचे मोठे क्लास आहेत, फीही तशीच मोठी. यंदाचे पेपर त्यांनीच तपासले होते. तरी माणूस पोरकट नव्हता, हे मला कबूल करायला हवं.

"बरोबर उत्तरांबद्दल मी बोलतच नाही, मॅडम. चुकलेली बघा. आकृत्यांच्या पानावर जिथे आठ हवं तिथे या मुलांनी सात लिहिलंय. जिथे बारा हवं तिथे अकरा. सगळ्यांनी. वेगवेगळ्या खोल्यांत बसून. बरोबर उत्तर एकच असतं, पण चुकायला हजार वाटा असतात. ही सगळी एकाच वाटेनं कशी चुकली?"

मुद्दा बिनतोड होता. पेपर फुटला, कुणीतरी घाईघाईत उत्तरं काढून मुलांना घोकायला दिली, आणि देणाऱ्याचंच गणित कच्चं होतं. मीसुद्धा हेच म्हटलं असतं.

"एक मुलगा सोडून," सर म्हणाले. "एका चष्मेवाल्याची उत्तरं बरोबर आहेत. तो शिकवणीत अगदी शेवटी आला. नवीन पोराच्या पोटात गोष्ट राहील की नाही, म्हणून त्याला सांगितलं नसणार."

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "सोमवारी बैठक आहे. कॉपी सिद्ध झाली तर या मुलांचा निकाल रद्द आणि ती शिकवणीही बंद. मला खरं काय ते कळायला हवं."

"खरं कळेल," मी म्हटलं. "पण तुम्हाला आवडेल असं नाही."

२

जुन्या पोस्टात आता पत्रं येत नाहीत, पण जाळीची खिडकी अजून आहे. मुलं गृहपाठ त्या खिडकीतून आत सरकवतात आणि शिकवणारी ताई आत बसून तो तपासते. मी गेले तेव्हा खिडकीपुढे रांग लागली होती आणि रांगेत भांडण चाललं होतं. भांडणाच्या मधोमध दोन वेण्यांची एक मुलगी न्यायनिवाडा करत होती.

"ती आमची वकीलबाई," ताई म्हणाली. "सुतारकाकांची मुलगी. मी काही चुकीचं शिकवलं तर मलाही सोडत नाही."

यादीत पहिली आली होती ती हीच.

ताई दिवसा दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते आणि संध्याकाळी इथे येते. शिकवायचे पैसे घेत नाही. ती बोलत होती तेव्हा मी तिचे हात बघत होते. खोटं बोलणाऱ्याचे हात आधी बोलतात. हिचे हात शांत होते, पण डोळे नव्हते.

"नेमकं काय चुकलंय मुलांचं?" तिने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. पेपर बंद पाकिटात आहेत."

"म्हणजे आमच्यावर आरोप आहे, पण कसला ते आम्ही विचारायचं नाही?"

मी खोली बघत बसले. भिंतीवर पाढे होते. दोन भिंतींच्या मध्ये एक नवी कोरी लाकडी फळी बसवली होती, रंधा मारून गुळगुळीत केलेली, आणि एवढ्या देखण्या कामाच्या एका टोकाला फटीत घडी घातलेला पुठ्ठा कोंबला होता. प्रत्येक मुलापुढे पिवळीधमक पट्टी होती, सगळ्यांची एकसारखी.

"पट्ट्या छान आहेत," मी उगाच म्हटलं.

"पट्ट्यांच्या कारखान्यानं दिल्या फुकट. त्यांचा माल खपत नव्हता. मुलांना घरीही त्याच नेऊ देते. नाहीतर यांच्याकडे कुठली असणार? त्या चष्मेवाल्याच्या वेळेला संपल्या, त्याला बिचाऱ्याला त्याच्या मामानं आणून दिली."

एवढ्यात वकीलबाई समोर येऊन उभी राहिली. "आजी, तुम्ही आमची चौकशी करायला आलात ना?"

"मी तुझी आजी नाही."

"बरं. मॅडम, मग विचारा ना. सगळे आमच्याबद्दल दुसऱ्यालाच विचारतायत."

मला हसू आलं, ते मी गिळलं. "पेपर आधी कुणी दाखवला होता का?"

"हो," ती म्हणाली.

ताईने हातातली वही खाली ठेवली.

"शिपाईकाका गठ्ठा घेऊन आले होते," वकीलबाई शांतपणे म्हणाली. "पेपरांचा."

३

शिपाई म्हणजे समितीच्या कार्यालयातला. ज्या कपाटात यंदाचा पेपर कुलपात होता, त्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला असते. मी त्याला जिन्याखाली गाठलं.

"गठ्ठा नेलास?"

त्याने आधी वर बघितलं, मग खाली, मग किल्ल्यांकडे. "नेला."

हा नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत गुन्हा कबूल झाल्यावर मला असं कधी वाटलं नव्हतं. त्या दोन वेण्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"कसला गठ्ठा?"

"जुन्या परीक्षांचे पेपर, बाई. उरलेले. रद्दीत जाणार होते. ताई म्हणाली मुलांना सरावाला होतील. कार्यालयातली रद्दीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा नियम आहे, म्हणून गुपचूप नेली. आता नोकरीवर गदा येणार का?"

मी पोस्टात परत जाऊन तो गठ्ठा बघितला. एकूण एक पेपर जुना, मुलांनी सोडवून सोडवून चिंध्या केलेला. यंदाचा एकही प्रश्न त्यात नव्हता. पाकिटांचं लाखेचं सील परीक्षेच्या सकाळी सगळ्यांसमोर फोडलं होतं आणि पेपर काढणारे गृहस्थ परगावचे होते. शिपाई सुटला.

मग मी सरांवर संशय घेतला. का नाही घ्यायचा? पेपर त्यांच्या हातात होते आणि फुकटची शिकवणी त्यांच्या धंद्याच्या मुळावर आली होती. पण उत्तरपत्रिका भिंगाखाली धरल्या तर खाडाखोड नाही, अक्षर प्रत्येक मुलाचं स्वतःचं, शाई तीच. सरही सुटले.

उरली ताई. पण ताईने उत्तरं फोडायची म्हटली, तर आधी तिच्या हातात पेपर यायला हवा होता, आणि तो येण्याची एकही वाट मला सापडत नव्हती. चोरी झाली होती, माल सापडला होता आणि चोर आत शिरलाच नव्हता. असा दावा माझ्या टेबलावर आला असता, तर मी म्हटलं असतं की मुळात चोरीच झालेली नाही. पण मग सगळ्यांनी सात का लिहिलं होतं?

४

रविवारी मी सुताराच्या कामाच्या जागी गेले. वकीलबाईशी इतर मुलांशिवाय बोलायचं होतं. ती भुश्शात मांडी घालून बसली होती आणि बापाला मापं सांगत होती. बाप बोलायला महाकंजूष. मी नमस्कार केला तर त्याने नुसती मान हलवली आणि माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं.

"घाबरलीस का?" मी तिला विचारलं.

"मी नाही घाबरत. बाबा घाबरलेत. त्यांना वाटतं, गरिबावर आळ आला की तो जात नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही अजून आम्हाला पेपरातला एकही प्रश्न विचारला नाहीत. आम्हाला येतं की नाही, हे बघायचं सोडून तुम्ही कुलपं बघत फिरताय."

माझ्या तोंडावर असं बोलायची हिंमत आमच्या कंपनीत कुणाला झाली नव्हती. मी चिडायला हवं होतं, पण मला ती पोरगी भलतीच आवडली.

बाप एका फळीवर पेन्सिल घेऊन वाकला. "माप सांग."

तिने टेप लावला, टोकाशी नजर टाकली आणि झटकन आकडा सांगितला. बापाने खूण करायला पेन्सिल टेकवली, थांबला आणि स्वतः टेप लावून बघितला.

"फळी एकानं जास्त भरते, तू कमी सांगितलंस," तो म्हणाला.

"तुम्ही टेप वाकडा धरता, बाबा."

"वाकडा नाही धरत." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, आणि त्याच्या मानाने ते भाषणच होतं, "गणितात हिचा हात कुणी धरणार नाही. पण मापात हल्ली काय होतं कळत नाही. पोस्टातल्या फळीचं माप हिनं आणि हिच्या मैत्रिणींनी घेतलं. मी कापली. एक सेंटिमीटर आखूड. माझ्या कामाला पुठ्ठा लावायची वेळ आली."

मी स्टुलावरून उठले.

"मॅडम, कुठे निघालात? प्रश्न विचारा ना!" वकीलबाई ओरडली.

"उद्या विचारते, सगळ्यांसमोर," मी म्हटलं. "आधी मला तुमची एक पिवळी पट्टी हवी आहे."

५

सोमवारच्या बैठकीला समितीची माणसं होती, सर होते, ताई होती, आणि भिंतीला पाठ लावून शिकवणीची मुलं उभी होती. पालकांना दारात जागा मिळाली होती. मी टेबलावर एक कोरी, आखूड जातीची पेन्सिल ठेवली आणि परीक्षेच्या केंद्रावर मुलांना वापरायला दिली होती तसली पारदर्शक पट्टी ठेवली. स्वतःचं काही आणायला तिथे बंदी होती.

"एकेकानं पुढे या, पेन्सिल मोजा आणि माझ्या कानात आकडा सांगा. भराभर."

मुलं येत गेली. मी प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहून घेतला आणि शेवटी मोठ्याने वाचला. नऊ. नऊ. नऊ. चष्मेवाल्याने दहा सांगितलं. वकीलबाईने नऊ.

सरांनी उठून पेन्सिल मोजली आणि दोन्ही हात पसरले. "दहा आहे! अध्यक्षमहाराज, ज्यांना साधी पेन्सिल मोजता येत नाही, त्यांना बाकीचे मार्क पडले कसे? आणखी पुरावा काय हवा?"

दारातल्या एका आईने पदर तोंडाला लावला.

"सर, उभेच आहात तर एक काम करा," मी पर्समधून पिवळी पट्टी काढली. "पुन्हा मोजा, या पट्टीनं."

सरांनी पट्टीचं टोक पेन्सिलीच्या टोकाला लावलं, आकडा वाचला आणि बोलून गेले, "अकरा."

"दहा!" भिंतीजवळून सगळी मुलं एका सुरात ओरडली.

सर पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली.

"बघा नीट," मी म्हटलं. "छापताना चुकलेला माल आहे हा. पहिला एक सेंटिमीटर छापलाच गेला नाही. जिथे शून्याची कोरी रेघ हवी, तिथे कडेलाच १ हा आकडा आहे. म्हणून तर खपत नव्हता, म्हणून तर फुकट मिळाला. ताई, मुलांना काय सांगितलं होतंत?"

ताई मुलांकडे बघत म्हणाली, "शेवटचा आकडा वाचायचा आणि त्यातून एक काढायचा. नव्या पट्ट्या घ्यायच्या होत्या, पण उत्तरं बरोबर येत होती, म्हणून राहून गेलं."

"उत्तरं बरोबर येत होती. म्हणून शाळेतही कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलांनी वर्षभर असंच मोजलं आणि एक काढणं त्यांच्या हातात बसलं. केंद्रावर त्यांना ही चांगली पट्टी मिळाली. हिच्यावरही पहिला छापलेला आकडा १ हाच, शून्याची रेघ कोरी. घाईत कोण बघतो तो कडेला आहे की आत? मुलांनी आठ वाचले, एक काढला, सात लिहिले. चष्मेवाल्याकडे मामानं दिलेली पट्टी होती. तो चुकला नाही."

"पण तरी," सरांनी तलवार खाली ठेवली नव्हती, "फुटलेल्या उत्तरांतच या चुका नव्हत्या, हे कशावरून?"

"यावरून," मी पेन्सिल उचलली. "ही मी आज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली. ही कुठल्याही पेपरात नव्हती. हिचं उत्तर मुलांना कुणी घोकवलं? आणि घोकलेली चूक बाकीच्या पानांवर का नाही? जिथे डोक्यानं करायचं, तिथे ही मुलं चुकलेली नाहीत. चुकली ती फक्त जिथे पट्टी लावायची होती तिथे, आणि दर वेळी एकानंच. सर, तुमचं म्हणणं खरं होतं. सगळी एकाच वाटेनं चुकली. फक्त ती वाट पेपर फोडणाऱ्यानं नाही, कारखान्यानं पाडली होती."

सरांनी पिवळी पट्टी टेबलावर ठेवली. मग त्यांनी ताईकडे वळून सगळ्यांदेखत सांगितलं, "मी तक्रार मागे घेतो. बाकीची पानंही मीच तपासलीत. इतकं स्वच्छ गणित माझ्या क्लासातली मुलंसुद्धा करत नाहीत."

मी म्हटलं ना, माणूस पोरकट नव्हता.

६

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण अध्यक्षांचं मन भरून आलं होतं आणि मोठ्या माणसांचं मन भरून आलं की ती काहीतरी वाटायला लागतात.

"या मुलांना पद्धत येत होती. चूक साधनाची होती," ते म्हणाले. "मला वाटतं, त्या प्रश्नांचे मार्क त्यांना द्यावेत."

सभासदांनी माना डोलावल्या. तेवढ्यात भिंतीजवळून हात वर झाला.

"नको," वकीलबाई म्हणाली.

दारात तिचा बाप दचकला. "गप बस, बाळा," तो पुटपुटला.

"बाबा, थांबा ना." तिने बाकीच्या मुलांकडे वळून काहीतरी कुजबुज केली. एका मुलाने कपाळावर हात मारला, पण शेवटी त्यानेही मान हलवली. मग ती पुढे आली. "साहेब, केंद्रावरची पट्टी चांगली होती. आम्ही बघितलं नाही. चुकलं ते चुकलं. त्याचे मार्क घेतले, तर उद्या कुणीही म्हणेल की यांना दयेनं घेतलं. आम्हाला आमचे आहेत तेवढे द्या."

"अगं, पण ते मार्क मिळाले तर पहिली तू," अध्यक्ष म्हणाले. "ते सोडले, तर यादी पुन्हा लावताना सरांच्या क्लासातला एक मुलगा तुझ्यापुढे जातो. त्याच्या एका उत्तराचे मार्क बेरजेत धरायचे राहून गेले होते, ते कालच सापडलं."

हे मात्र तिला माहीत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने ओठ आवळले, एकदा छताकडे बघितलं. पहिला नंबर कुणाला नको असतो? बारा वर्षांच्या मुलीला तर फारच हवा असतो.

"निवड सगळ्यांची होते ना?" तिने विचारलं.

"होते. तुम्हा सगळ्यांची होते."

"मग त्याला पहिला करा."

मी आयुष्यभर लोकांना न मिळालेलं मागताना बघितलं आहे. मिळत असलेलं परत करताना कुणाला बघितलं नव्हतं. माझा ऊर अभिमानानं भरून आला, आणि गंमत म्हणजे त्या मुलीशी माझं नातं काहीच नव्हतं. ताई रडत होती आणि हसत होती. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

निकाल वाचून झाला. मुलं धडाधड जिना उतरून गेली. सुतार मागेच राहिला होता, कठड्याला धरून.

"मॅडम," तो म्हणाला, "म्हणजे निवड झाली ना तिची? नक्की?"

"झाली. आणि दुसरा नंबर आला."

त्याने तो शब्द मनात एकदा फिरवून बघितला. मग तो जिना उतरला, फाटकाशी गेला आणि तिथे खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदारापुढे उभा राहिला. रखवालदाराने त्याला काहीही विचारलं नव्हतं.

"माझी मुलगी दुसरी आली," सुतार म्हणाला. रखवालदाराने मान वर केली, तर तो पुन्हा म्हणाला, आता रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "पहिली येत होती. तिनं स्वतः दुसरा नंबर घेतला."